सहीच्या आधीचा आठवडा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं कडा हे बाजाराचं गाव. कांद्याचे ट्रक, अमोलक जैन संस्थेच्या शाळा-कॉलेजांची गर्दी, नगरकडे जाणारा रस्ता, आणि 23 सप्टेंबर 2022 पासून धावणारी नगर-आष्टी रेल्वे. 17 सप्टेंबर 2025 पासून ती बीडपर्यंत जाऊ लागली. मोठं दुखणं आलं की इथला माणूस नगर गाठतो (कागदोपत्री अहिल्यानगर झालं तरी बोलण्यात नगरच), आणि तिथे भागलं नाही की पुणं. ही वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे. नवीन आहे ती मोबाईलवर येणारी जाहिरात. तिच्यात दुखण्याचं नाव नसतं. पोटावरची चरबी लेझरने वितळवा, टाका नाही, वेदना नाही, दुसऱ्या दिवशी कामावर, हप्त्याने पैसे भरा. दोन बाळंतपणांनंतर पोट सुटलेली, लग्नाच्या फोटोत स्वतःकडे बघवत नसलेली बाई रात्री सगळं उरकल्यावर अशी जाहिरात पाहते आणि खाली दिलेल्या नंबरवर बोट ठेवते.

तिने लेझरने लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढण्याचं ऑपरेशन, करून घ्यावं की नाही, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. शरीर तिचं, पैसा तिचा. तिच्या इच्छेला हसणाऱ्यांशी माझं पटत नाही. आरशासमोर रोज उभं राहणं तिच्या वाट्याला आहे, हसणाऱ्यांच्या नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की संमतीच्या कागदावर ती सही करेल तेव्हा तिला काय माहीत असेल? लायपोसक्शनची घाई कुणालाच नसते. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला विचार करायला वेळ नसतो, हिला मात्र हवा तेवढा वेळ आहे. असं असूनही माहिती द्यायची ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत उरकली जात असेल, तर ती सही संमती म्हणून मोजू नये. हे म्हणण्याचा हक्क बीड जिल्ह्याला इतरांपेक्षा जास्त आहे, कारण विनामाहितीच्या सहीची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे.

2019 च्या उन्हाळ्यात बीडचं नाव देशभर झालं ते ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांमुळे. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहाजणींत एक, आणि त्यांतल्या कित्येक अजून चाळिशीलाही न पोचलेल्या. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पाळी जास्त जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं तिला सांगण्यात आलं. मुकादमाकडून उचल घेतलेली, फडात एक दिवस गेलं नाही तरी खाडा पडतो, आणि दर महिन्याची कटकट एकदाची जाईल हा हिशेब. गोळ्यांनी बरं होईल का, थांबलं तर काय होईल, अंडाशयं काढली तर हाडांचं काय, हे तिने विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही. आज त्या दवाखान्यांचे जुने कागद काढले तर बहुतेकांवर सही किंवा अंगठा सापडेल. कायद्याच्या नजरेला कागद पुरा दिसेल.

पण कायद्याचीही नजर तेवढ्यावर थांबत नाही, आणि हे फार कमी रुग्णांना माहीत असतं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी दिलेला निकाल योगायोगाने गर्भाशयाबद्दलचाच आहे. 1995 साली दिल्लीतली 44 वर्षांची बाई दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यासाठी भुलीखाली गेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेण्यात आली आणि गर्भाशय, अंडाशयं काढण्यात आली. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि जिवाचा तातडीचा धोका नसेल तर सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेली संमती चालत नाही. त्याहून मोलाचं म्हणजे संमतीआधी काय सांगितलंच पाहिजे, हे न्यायालयाने मांडलं: काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल. हा निकाल नाकावरच्या, पोटावरच्या, मांडीवरच्या प्रत्येक ऑपरेशनला लागू आहे.

लायपोसक्शन करून घेणारी बाई आणि फडातली बाई यांचं दुःख एका मापाने मोजू नये. एक कोयता घेऊन सहा महिने पालात राहते, दुसरीच्या हातात हप्ता भरण्याइतका तरी पैसा आहे. सारखा आहे तो व्यवहार. तिथे कॅन्सरची भीती घातली गेली, इथे पोटाची लाज घातली जाते. दोन्हीकडे डॉक्टरला सगळं माहीत असतं आणि बाईला काहीच नसतं, आणि याच तफावतीवर बिल ठरतं. माझ्या मते लायपोसक्शनला माहितीची अट गर्भाशयापेक्षाही कडक हवी, कारण इथे सुरी निरोगी शरीरावर चालते. आजार असेल तर धोका पत्करण्यामागे काहीतरी असतं. इथे धोक्याच्या दुसऱ्या पारड्यात फक्त कमरेचा घेर आहे.

आता प्रत्यक्ष काय करतात ते पाहू, कारण जाहिरातीतल्या निळ्या किरणांचा आणि ऑपरेशनच्या टेबलाचा फारसा संबंध नाही. बाईला उभं करून मार्करने पोटावर, कमरेवर वर्तुळं काढतात; आडवं झालं की चरबी पसरते, म्हणून खुणा उभ्यानेच. मग सलाईनमध्ये लिग्नोकेन हे बधिरतेचं औषध आणि अॅड्रिनॅलिन मिसळून ते द्रावण त्वचेखाली सोडतात, कधी एक लिटर, कधी कितीतरी जास्त. पोट टणक होतं, रक्तवाहिन्या आकसल्याने कातडी फिकट पडते. दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून बारीक नळी आत जाते, तिच्यात केसासारखी काचेची तार असते आणि तिच्या टोकातून लेझर निघतो. खोलीतला दिवा मंद केला की टोकाचा लाल ठिपका कातडीतून बाहेर दिसतो. तो पाहूनच डॉक्टरला कळतं की नळी कुठे पोचली. उष्णतेने चरबीच्या पेशी फुटतात. त्यानंतर जाड नळी घालून, ती मागे-पुढे करत, पिवळा-तांबूस द्रव यंत्राने ओढून घेतात. शोषण्याचं हे जुनं काम लेझर आल्यावरही उरतंच. चिरा कधी मुद्दाम उघड्या ठेवतात, म्हणून दिवस-दोन दिवस तांबडं पाणी गळत राहतं, कपडे आणि गादी भिजते. घट्ट पट्ट्याचा पोशाख कित्येक आठवडे घालावा लागतो. सूज, काळेनिळे डाग, बधिरपणा, हाताला लागणाऱ्या गुठळ्या हे ओसरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. दुसऱ्या दिवशी कामावर, हे खुर्चीत बसून काम करणाऱ्यासाठीही घाईचं आहे. कड्याच्या बाईचं काम म्हणजे पाण्याचे हंडे, जनावरांचं वैरण-पाणी, खुरपणी. डॉक्टर हलकं काम म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळं घर असतं. म्हणून आपल्या घरात काय करावं लागतं ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि ते किती दिवस बंद ठेवायचं हे विचारून घ्यावं.

चरबी काढण्याचा उद्योग शंभर वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात अपघाताने झाली. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिये या सर्जनने एका नर्तिकेच्या पायातली चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. पाय सडला आणि कापावा लागला. पुढे 1970 च्या दशकात इटलीत फिशर पिता-पुत्रांनी आणि फ्रान्समध्ये इलूझ यांनी नळीने शोषण्याची पद्धत रूढ केली. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी पातळ लिग्नोकेनचं द्रावण आणलं आणि रक्तस्राव कमी झाला. लेझरच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 साली परवानगी दिली. त्याच वर्षी चिलीतल्या डॉक्टरांनी 25 रुग्णांवर केलेला अभ्यास छापून आला. एका बाजूला लेझर, दुसऱ्या बाजूला साधं लायपोसक्शन; कोणत्या बाजूला लेझर लावला आहे हे तपासणाऱ्यालाही माहीत नव्हतं. लेझरच्या बाजूला दुखणं थोडं कमी होतं; दिसण्यात फरक आढळला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत कातडी थोडी आवळते असं दिसलं आहे, पण दोन बाळंतपणांनी सैल झालेलं, सुरकुतलेलं पोट लेझरने ताणलं जाईल अशी आशा कुणी ठेवू नये. त्यासाठी कातडी कापून काढण्याचं, बाजूला सरकलेले स्नायू शिवण्याचं वेगळं, मोठं ऑपरेशन आहे. आपलं पोट चरबीचं आहे, सैल कातडीचं आहे की सुटलेल्या स्नायूंचं, हा लायपोसक्शनआधीचा पहिला प्रश्न. दिवसाला चार लेझर करणाऱ्या दवाखान्याला तो विचारण्याची घाई नसते.

दुसरा प्रश्न वजनाचा आणि साखरेचा. चरबी गेली की डायबेटिस आटोक्यात येईल, बीपी उतरेल, असं अनेकांना मनापासून वाटतं. 2004 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 15 लठ्ठ बायकांच्या पोटावरून लायपोसक्शनने साधारण दहा किलो चरबी काढली. दहा ते बारा आठवड्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळं होतं तिथेच. कारण नळी पोहोचते ती कातडीखालच्या चरबीपर्यंत. आतड्यांभोवती, यकृतात बसलेली जी चरबी साखर वाढवते, ती स्नायूंच्या भिंतीमागे असते आणि तिथे नळी घालता येत नाही. आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपलं शरीर वरून सडपातळ आणि आतून चरबीचं असतं, हे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांपासून आणि नवजात बाळांपासून दाखवून दिलं. 2004 साली त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2. वजनकाटा ज्याला निर्दोष ठरवतो त्याच्याही पोटात काय असेल हे त्या एका फोटोने सांगितलं. तेव्हा साखर उतरावी म्हणून कुणी लेझरकडे जात असेल, तर त्याला थांबवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे.

काढलेली चरबी परत येत नाही, असंही ठासून सांगितलं जातं. पेशी परत येत नाहीत हे बऱ्याच अंशी खरं. पण 2011 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांनी 32 बायकांचा वर्षभर पाठपुरावा केला. मांड्या, नितंब किंवा ओटीपोटावरची चरबी काढलेल्या बायकांच्या शरीरातली एकूण चरबी वर्षाच्या आत पूर्वीइतकी झाली. ती मांडीवर न बसता मुख्यतः पोटाकडे सरकली. खाणं आणि हालचाल तीच राहिली तर शरीर आपला हिशेब दुसरीकडे पुरा करून घेतं. हे ऐकल्यावरही ज्यांना आकारासाठी ऑपरेशन करावंसं वाटेल त्यांनी खुशाल करावं. त्यांची संमती खरी असेल.

धोक्यांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण कड्यासारख्या ठिकाणी त्यांचा अर्थ शहरापेक्षा वेगळा होतो.

नेहमीच्या इंजेक्शनात अॅड्रिनॅलिनसोबत लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे साधारण 7 मिलिग्रॅम धरतात. लायपोसक्शनच्या पातळ द्रावणात 35 पर्यंत, काही ठिकाणी 55 पर्यंत जाण्याची मुभा मानली जाते, कारण औषध चरबीतून रक्तात सावकाश उतरतं. सावकाश हाच इथला कळीचा शब्द आहे. रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते साधारण दहा-बारा तासांनी. सकाळी अकराला पुण्यात ऑपरेशन झालं, संध्याकाळी गाडी करून बाई निघाली, तर औषध शिखरावर येतं तेव्हा ती कड्यातल्या घरी झोपलेली असते. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, बोलताना जीभ जड होणं ही विषबाधेची पहिली लक्षणं. पुढे झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. घरचे म्हणतात, भूल उतरतेय, झोपू द्या. ही एक गोष्ट माहीत असेल तर जीव वाचू शकतो. म्हणून पहिली रात्र दवाखान्यात किंवा निदान त्याच शहरात काढायची, आणि भरती होण्याआधी विचारायचं की माझ्या वजनाला एकूण किती मिलिग्रॅम लिग्नोकेन देणार, आणि विषबाधा झालीच तर तिच्यावरचं औषध, इंट्रालिपिड, तुमच्याकडे आहे का? ज्या डॉक्टरला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटेल, तिथून परत फिरावं.

पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा लायपोसक्शनमधल्या मृत्यूंचा मोठा मार्ग. अमेरिकेतल्या सर्जननी 1994 ते 1998 या काळातल्या 4,96,245 ऑपरेशनांची माहिती गोळा केली, तिच्यात 95 मृत्यू होते, म्हणजे पाच हजारांमागे एक. नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण बरंच कमी आलं, आणि जाणत्या हातात हे ऑपरेशन सुरक्षितच मानलं जातं हेही सांगायला हवं. पण ते आकडे निवडक, निरोगी रुग्णांचे आणि सज्ज दवाखान्यांचे असतात. मे 2022 मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांत काम करणारी 21 वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर त्याच दिवशी गेली. पोटरी दुखून सुजणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, लघवी न होणं, पोट फुगून असह्य दुखणं, कातडी काळी पडणं, ताप येणं: यातलं काहीही झालं तर पुण्याच्या दवाखान्याला फोन लावत बसू नये, पन्नासेक किलोमीटरवरच्या नगरचं मोठं रुग्णालय आधी गाठावं आणि काय ऑपरेशन झालं त्याचा कागद सोबत न्यावा. तो कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, औषधांचं प्रमाण लिहिलेलं, हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही.

लेझरचा स्वतःचा धोका भाजण्याचा. त्वचेचं तापमान चाळीसच्या थोडं वर गेलं की इजा सुरू होते. ऑपरेशन चालू असताना ते सतत मोजलं जातं का, हे विचारता येतं. नळी पोटाची भिंत भेदून आतड्यात जाणं क्वचित घडतं, पण हर्निया असेल तर सहज घडू शकतं. आपल्याकडच्या बायकांचं पोट सिझरने, नसबंदीने आधीच शिवलेलं असतं, आणि बेंबीजवळचा लहान हर्निया अनेकींना वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही. हाताने नीट तपासल्याशिवाय, गरज पडली तर सोनोग्राफी केल्याशिवाय पोटाला नळी लावू देऊ नये.

इथे रुग्णाचीही बाजू आहे. फॉर्मवर सिगारेट ओढता का, असं छापलेलं असतं आणि बाई नाही म्हणते. ते खरंही असतं. मशेरीबद्दल कुणी विचारत नाही. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या बाईच्या रक्तात निकोटिन असतंच, आणि निकोटिनने जखम उशिरा भरते, कातडीचा तुकडा मरू शकतो. ते आपण होऊन सांगायचं आणि ऑपरेशनच्या आधी काही आठवडे मशेरी सोडायची. तसंच लग्नकार्यासाठी, सणासाठी घेतलेल्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या रक्त गोठण्याचा धोका वाढवतात. औषध म्हणून त्यांची गणती आपण करत नाही, म्हणून सांगायच्या राहून जातात. अॅस्पिरिन, गुडघ्यांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या, वैद्याची चूर्णं, सगळं पिशवीत घालून न्यावं आणि टेबलावर मांडावं. रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईने हौसेच्या ऑपरेशनसाठी टेबलावर चढू नये.

ऑपरेशन कोण करणार, हा प्रश्न विचारायला लोक सर्वांत जास्त संकोचतात. पाटीवर कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलं म्हणजे सर्जन होत नाही. प्लास्टिक सर्जरीची पदवी एम.सीएच. किंवा डी.एन.बी. असते, प्रशिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञही मर्यादित प्रमाणात लायपोसक्शन करतात. नोंदणी क्रमांक मागावा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत नाव पाहावं. घरात कॉलेजला जाणारं पोरगं असेल तर त्याचं हे पाच मिनिटांचं काम. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, ऑक्सिजन आहे का, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की अॅम्ब्युलन्सने जावं लागेल, हेही तितकंच. भिंतीवरच्या आधी-नंतरच्या फोटोंवर भरवसा नको. त्यात बिघडलेल्या रुग्णांचे फोटो लावत नाहीत. आणि पैसा. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ते बसत नाही, आणि ऑपरेशन बिघडून आयसीयूत जावं लागलं तर त्या बिलावरूनही विमा कंपनी वाद घालू शकते. पॅकेज लाखाचं असेल तर त्यात काय धरलंय आणि बिघडलं तर कोण भरणार, हे लेखी घ्यावं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलं आहे; पण तक्रार उभी राहते ती कागदावर.

बायकांविषयीच लिहिलं, पण पोरांची एक गोष्ट सांगायची राहते. विहिरीवर पोहायला सगळे उघडे होतात आणि एखादा शर्ट घालूनच उडी मारतो, असा मुलगा प्रत्येक गावात असतो. त्याच्या छातीला उभार आलेला असतो. पोलीस भरतीच्या मैदानावर, शारीरिक मोजमापाच्या रांगेत त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याच्यासाठी लायपोसक्शन हा खराखुरा उपचार असू शकतो, कधी लहान गाठ कापून काढण्याच्या जोडीला. पण वयात येताना आलेला हा उभार बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. कधी औषधांमुळे, कधी व्यायामशाळेत मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांमुळे तो येतो. आणि क्वचित अंडकोषाच्या किंवा हार्मोनच्या आजाराची ती खूण असते. आधी तपासणी, मग वाट पाहणं, मग ऑपरेशन. हा क्रम त्याला सांगणारं कुणी नसतं, कारण तो हे कुणाला बोलूनच दाखवत नाही.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे: इतकं सांगितलं तर रुग्ण घाबरून पळून जाईल. जिवावरच्या आजारात ही काळजी मी समजू शकतो. हृदयाची नस बंद असलेल्या माणसाला घाबरवून घरी पाठवणं हे त्याला मारण्यासारखं आहे. लायपोसक्शन न करता घरी गेलेल्या बाईचं काय बिघडतं? तिचं पोट कालच्यासारखं राहतं. ती घाबरून पळाली तर तिला जे करायचं नव्हतं ते टळलं. आणि सगळं ऐकून जी परत येईल ती पट्टा नीट घालेल, लक्षणं ओळखेल, सहा महिने धीर धरेल. घरच्यांची बाजूही इथे येते. आपल्याकडे सही नवऱ्याची, सासऱ्याची मागितली जाते आणि बाई बाकावर बसून राहते. समीरा कोहली निकालाचा अर्थ असा की शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची सही तिचीच. नवरा सोबत असावा, काळजीने असावा, पण उत्तर तिने द्यावं.

2019 च्या त्या गर्भाशय प्रकरणानंतर बीड जिल्हा प्रशासनाने नियम केला की खाजगी दवाखान्यात गर्भाशय काढायचं तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी. लायपोसक्शनसाठी सरकारी परवानगी मी मागत नाही. सज्ञान माणसाच्या हौसेला अधिकाऱ्याचा शिक्का लागू नये. मी मागतो ते याहून साधं आहे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेला ते एका परिपत्रकाने करता येईल. सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनचा संमतीपत्राचा मसुदा मराठीत असावा, आणि तो सहीच्या निदान सात दिवस आधी रुग्णाच्या हातात पडावा, घरी नेता येईल असा. त्यावर औषधाचं एकूण प्रमाण, भूलतज्ज्ञाचं नाव, न केलं तर काय, बिघडलं तर कुठे जायचं आणि पैसे कोण भरणार, हे हाताने भरलेलं असावं. सात दिवसांच्या आत आगाऊ रक्कम घेऊ नये, घेतली असेल तर मागताक्षणी परत द्यावी. तो नियम होईपर्यंत कड्याच्या बाईने हा आठवडा स्वतःच मागून घ्यावा: तपासणीच्या दिवशी एक पैसाही न भरता कागद घेऊन घरी यावं, गावातल्या रोजच्या डॉक्टरकडे तो वाचायला द्यावा, आणि उरलेले प्रश्न पेनाने त्याच्या मागच्या बाजूला लिहून काढावेत.